सप्ताहाच्या गोळ्या

"तुही तारीख कवा हाय व?"

गावातल्या मोठ्या घरच्या बाईने हे मला तिच्या भर अंगणात विचारलं. सतरंजीवर सहा-सात पुरुष मंडपाचं ठरवत बसले होते. त्यात माझा चुलत सासराही होता. मी मान खाली घातली. बाईने पुन्हा विचारलं, बहिऱ्याशी बोलावं तेवढ्या मोठ्याने. तिच्या एका हातात कॅलेंडर, दुसऱ्या हातात लाल पेन. मी पदराआडून कशीबशी "अठरा" म्हणाले. तिने अठरावर गोल केला, माझं नाव लिहिलं आणि कॅलेंडर स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं. त्या स्वयंपाकघरात दूधवाला येतो, गॅसवाला येतो. बारा बायांच्या पाळीच्या तारखा तिथे भिंतीवर टांगलेल्या. तिचा थोरला मुलगा, दोन लेकरांचा बाप, पाणी प्यायला गेला की त्या वाचायचा आणि हसायचा.



आमचं गाव नांदुरा तालुक्यात. आमची दीड एकर जमीन, त्यात वांगी, मेथी, मिरची. विहीर मात्र मोठ्या घराची. पाणी त्यांनी दिलं तर आमचं पीक. त्या घराकडून दरवर्षी भागवत सप्ताह होतो. सात दिवस पंगती. पोळ्या लाटायला आम्ही बारा जणी, आणि देवाचं काम म्हणून मजुरी नाही. पाळीतली बाई त्या चुलीजवळ चालत नाही. सात दिवसांत बारा जणींपैकी कुणाची तरी पाळी येणारच. मग बाईने सोय काढली. गोळ्या.

मूल राहू नये म्हणून ज्या गोळ्या असतात, त्याच. बाईच्या भाच्याचं औषधांचं दुकान होतं. तो पिशवीभर पाकिटं आणून द्यायचा. बाई कात्रीने खालच्या लाल गोळ्या कापून टाकायची. म्हणायची, यांनी पाळी येते, या नको. पांढऱ्या तेवढ्या आमच्या हातावर. ज्यांची तारीख जवळ, त्यांना पक्कं व्हावं म्हणून दिवसाला दोन. पाकिटातला माहितीचा कागद तिने मसाल्याच्या डब्यांत तळाला अंथरला होता. त्यावर हळद सांडलेली. आम्ही कुणीच तो वाचला नाही. मी दहावी शिकलेली. मलाही वाचावासा वाटला नाही.

तीन वर्षं, सप्ताह आला की मी त्या गोळ्या घेतल्या. तिसऱ्या वर्षी माझी जाऊ नुकतीच बाळंत झाली होती. पोरगी तीन महिन्यांची, अंगावर पिणारी. जाऊ नको म्हणत होती. मीच तिला समजावलं. बाईला नाराज करू नको म्हटलं, पाणी बंद होईल. सप्ताह उरकेपर्यंत तिचं दूध कमी झालं. पोरगी रात्रंदिवस किरकिर करायची आणि सासू जावेलाच बोलायची. बाईची किळस येते तशी मला तेव्हाची माझीही येते.

माझं डोकं लहानपणापासून दुखायचं. अर्धंच. दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्यातिकड्या रेघा यायच्या. आई म्हणायची अर्धशिशी आहे, सुंठ उगाळून लाव. गोळ्या सुरू झाल्यावर हे फार वाढलं. मी बाईला सांगितलं. ती म्हणाली, पीठ मळायचं आलं की बरं तुह्यं डोकं दुखते.

त्या वर्षी सप्ताहाच्या चौथ्या दिवशी मी परातीत पीठ मळत बसले होते. आधी रेघा आल्या. मग परातीचा अर्धा भागच दिसेना. डावा हात पिठात तसाच पडून राहिला. उचलायला गेले तर उचलेना. शेजारणीला सांगायला तोंड उघडलं, तर जीभ जड, शब्दच निघेना. मी तिथेच कलंडले.

कुणीतरी पाणी आणायला उठलं. बाईने थांबवलं.

"पाणी मंग. पयले पाह्य, बसली त नसन ना."

बसली म्हणजे पाळीची. मी सोंग करते आहे आणि पाळी लपवून देवाचं पीठ बाटवते आहे, असा तिचा संशय. तिने घरातल्या एका म्हाताऱ्या बाईला खूण केली. दोघींनी मला धरून धान्याच्या कोठीमागे नेलं आणि माझं लुगडं वर केलं. मला सगळं कळत होतं. दिसत होतं अर्धं, पण कळत होतं पूर्ण. मला नको म्हणता येत नव्हतं, कारण जीभ हलत नव्हती. उजवा हात हलत होता. तो म्हातारीने धरून ठेवला होता.

काही सापडलं नाही. म्हातारी बाहेर येऊन "निवळ हाय" म्हणाली. बाजारातली भेंडी निवडताना बोलतात, त्या आवाजात. तरीही मी मळलेलं पीठ बाईने गाईपुढे टाकलं आणि परातीवर गोमूत्र शिंपडलं. मग मला पाणी दिलं. दवाखान्याचं नाव कुणी काढलं नाही. बाहेर भजन चालू होतं.

नवऱ्याला कळलं तेव्हा त्याने मला मोटरसायकलवर मधे बसवलं, मागे दिराला बसवलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तोवर हातात जीव येऊ लागला होता. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने हातापायांत जोर किती आहे ते पाहिलं, ब्लडप्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं. मग विचारलं, कोणती गोळी घेता. मी म्हटलं, पांढरी. नाव विचारलं. मला नाव माहीत नव्हतं. तीन वर्षं पोटात घातलेल्या गोळीचं नाव मला सांगता आलं नाही. त्या खुर्चीत मला जी लाज वाटली, ती कोठीमागे वाटली त्याहून वेगळी होती. ती माझी स्वतःची होती.

डॉक्टरीणबाईने पुढचं माझ्याशी बोलून सांगितलं, नवऱ्याशी नाही. ही गोळी पुष्कळ बायांना चालते, म्हणाली, पण द्यायच्या आधी ब्लडप्रेशर मोजावं लागतं. डोकं दुखायच्या आधी रेघा दिसतात का, विचारावं लागतं. अंगावर पिणारं बाळ आहे का, तंबाखू खाते का, कावीळ झाली होती का, पायात रक्ताची गाठ झाली होती का, हेही. रोज एकच, ठरल्या वेळेला. मनाने दोन घ्यायच्या नाहीत. पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, दम लागला, एकाएकी डोकं फुटायला आलं किंवा हात-तोंड वाकडं झालं, तर घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"तुम्हाला ही गोळी एकदाही द्यायला नको होती. लकवा होऊन कायमच्या पडल्या असत्या."

मला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तपासण्या झाल्या. हात वाचला. मूल राहू नये म्हणून तांबी बसवून घेतली.

पुढच्या वर्षी सप्ताहाच्या आधी निरोप आला. मी गेले. तेच अंगण, नवं कॅलेंडर. बाईने विचारलं,

"तुही तारीख?"

"माही तारीख मले माहीत हाय," मी म्हटलं. "तुमाले काऊन पायजे?"

  ती म्हणाली, देवाच्या कामात आडवी येते का. मी म्हटलं, देवानं इचारलं तर देवाले सांगीन. मग बाकीच्या अकरा जणींकडे वळून, सतरंजीवरच्या पुरुषांच्या देखत, डॉक्टरीणबाईचे सगळे प्रश्न एकेक करून मोठ्याने विचारले. ब्लडप्रेशर कोणाचंच कधी मोजलेलं नव्हतं. पाच जणींनी हातावर आलेल्या गोळ्या खाली ठेवल्या. जाऊ त्यात पहिली. सहा जणींनी मुठी मिटल्या आणि माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांची शेतंही त्याच विहिरीवर आहेत.

तिसऱ्या दिवशी आमचं पाणी बंद झालं. वांगी फुलावर होती. नवरा म्हणाला,

"जाऊन माफी माग न. एवढ्यानं काय होते?"

मी त्याला कोठीमागे काय झालं ते पहिल्यांदा सांगितलं. सगळं. तो उठून बाहेर गेला आणि पुन्हा माफीचं बोलला नाही. वांगी वाळली.

सप्ताहाच्या पाचव्या दिवशी मला पाळी आली. मी चूल पेटवली, भाकरी केल्या, देवापुढे दिवा लावला आणि सासूच्या ताटात भाकरी वाढली. ती उठून गेली. मी जेवले.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिची पाळी येईल तेव्हा तिची तारीख तिची असेल. तिच्या लुगड्याला, सलवारीला, कशालाही हात लावायला कुणी पुढे आलं, तर तो हात मी मोडीन. आणि जाणूनबुजून मोडीन, सगळ्यांच्या देखत.