विसाव्या योहानाचा खण

खरं सांगा, तुम्हाला किती योहान माहीत आहेत? एक? फार तर दोन? मग आमच्या चाचांच्या समोर बसायची तुमची लायकीच नव्हती! अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात चाचा जेवढे योहान ओळखत, तेवढे स्वर्गातले योहानही एकमेकांना ओळखत नसतील. आणि ही नुसती नावापुरती ओळख नव्हे. कोण काय खायचा, कोणाचं कोणाशी वाजलं, कोण कोणावर रुसून अर्ध्या वाटेतून परतला, हे सगळं ते परवाच्या बाजारात भेटलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं सांगायचे.

चाचा म्हणजे पुसदच्या आमच्या छापखान्यातले जुळारी. शिशाचा एकेक खिळा उचलायचा, ओळ जुळवायची, छापून झाली की खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे, हे काम ते माझ्या जन्माच्या आधीपासून करत होते. बाबा मोर्च्यांची पत्रकं छापायचे. हमालांची, अंगणवाडीताईंची, धरणात बुडालेल्या गावांची. मी वाचायला शिकले ती चाचांच्या स्टुलाशेजारी बसून, त्या पत्रकांवरच. माझा पहिला शब्द ‘धिक्कार’ होता असं बाबा सांगतात, आणि मला त्याचा आजही अभिमान आहे.

आता पाच वेळा नमाज पढणारा, दाढीला मेंदी लावणारा हा माणूस योहानांच्या नादी लागला कसा? एकदा एक म्हातारे पाद्री बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दलचं पत्रक छापायला घेऊन आले. बोलता बोलता त्यांनी चाचांचं नाव विचारलं. चाचांचं नाव याह्या. पाद्रीबाबा आनंदानं ओरडलेच, “अहो, मग हे तुमचंच पत्रक! तुमच्या कुराणातले याह्या तेच आमचे योहान!” चाचांनी हातातली ओळ जुळवायची स्टिक खाली ठेवली आणि त्या दिवशी पुढे एकही ओळ जुळवली नाही. आपलं नाव दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्या कपड्यांत, उंटाच्या केसांच्या झग्यात टोळ आणि रानमध खात फिरून राहिलं आहे, हे काही साधं का आहे? मग त्यांनी विचारलं, “अजून कोणी हायेत काय या नावाचे?” पाद्रीबाबा हसले आणि म्हणाले, “किती पाहिजेत?” ते हसले ती त्यांची चूक झाली. पुढची कित्येक वर्षं दर रविवारी दुपारी चाचा त्यांच्या ओसरीवर हजर!

छापखान्यात कॉम्प्युटर आला, खिळे पोत्यात गेले, तेव्हा चाचांनी बाबांकडे एकच गोष्ट मागितली. खिळ्यांची लाकडी केस, तिचे सगळे लहान लहान खण शाबूत असलेली. मग प्रत्येक खणात एक चिठ्ठी, आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक योहान. जब्दीचा मुलगा योहान, मासे धरणारा. योहान मार्क, जो धर्मप्रचाराच्या प्रवासात पौल या प्रेषिताला सोडून घरी परतला. यवतमाळच्या बसमध्ये बसला अन् ‘दिग्रसलेच उतरला’, असं चाचा त्याच्याबद्दल म्हणायचे. सिनाई डोंगरावरचा शिडीवाला योहान, ज्यानं देवाकडे जायच्या तीस पायऱ्या सांगितल्या. दमास्कसचा योहान, जो खलिफाच्या राज्यात राहून ख्रिस्ती ग्रंथ लिहीत बसला. याच्याबद्दल सांगताना चाचांचा आवाज चढायचा, जणू तो त्यांच्या मोहल्ल्यातलाच. सोनमुखी योहान, ज्यानं महाराणीला भर उपासनेत सुनावलं आणि हद्दपारी ओढवून घेतली. आणि माझा लाडका योहान बॉल, इंग्लंडचा पाद्री, ज्यानं कुळांना सांगितलं की सुरुवातीला जगात कोणी मालक नव्हता न कोणी गडी! पंधराव्या वर्षी मी त्याच्यावर शाळेत भाषण ठोकून आले. चाचा म्हणाले, “शाब्बास. पन त्याले फाशी देल्ली हे सांगतलं नाई वाट्टे तू.”

“कोन्ता?” हा चाचांचा आवडता शब्द. त्यांच्यासमोर नुसतं ‘योहान’ म्हणायची सोय नव्हती. एकदा नाताळची कार्डं छापायला आलेल्या एका तरुणानं सांगितलं, वर संत योहानाचं चित्र टाका.

“कोन्ता?” चाचांनी विचारलं.

“एकच असते ना चाचा?”

बस! चाचांनी चहा मागवला, केस टेबलावर ओढली, आणि पहिल्या खणापासून सुरुवात केली. त्या पोराची उमरखेडची बस गेली, तिच्या मागची गेली. शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, “चाचा, मी चांदणीचं चित्र टाकतो.”

जिवंत माणसांनाही ते असंच वागवायचे. आमच्या वस्तीत एकाच नावाचे पाच शेख रहीम. चाचांच्या तोंडी ते कधीच मिसळले नाहीत: पंक्चरवाला, तोतरा, दोनदा हजला गेलेला, जाण्याच्या बाता करणारा आणि बिचारा. नवा पोस्टमन पत्ता विचारायला आधी आमच्याकडेच यायचा.

सगळ्या केसमध्ये एकच खण रिकामा होता. रोमच्या पोपांमध्ये या नावाचे पुष्कळ झाले. त्यांना नंबर आहेत. पण जुन्या काळात यादी करणाऱ्यांची मोजदाद चुकली, आणि एकोणिसाव्यानंतर जो आला त्यानं स्वतःला एकदम एकविसावा म्हणवून घेतलं. विसावा योहान जगात झालाच नाही! त्या एकविसाव्यावर पुढे त्याच्याच खोलीचं छत कोसळलं आणि तो मेला. चाचांचा निकाल तयार होता: “नसलेल्या मान्साची जागा खाल्ली त्यानं. मंग छत पडन नाई त काय!” त्या विसाव्या खणात कोणी टाचणी जरी ठेवली तरी ते चिडायचे. “तिथं कोनी नाई, हे दिसू दे ना बा!”

आता माझी गोष्ट. पुसदजवळच्या एका लहानशा चर्चनं आपल्या विहिरीची स्मरणिका काढायची ठरवली. दुष्काळात खणलेली ती विहीर, जिचं पाणी सगळ्या गावानं प्यायलं. जुन्या रजिस्टरात विहिरीवर राबलेल्यांची यादी होती. पाद्रीबाबांनी ती एकदा चाचांना दाखवलीही होती. चाचांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता, ते नुसते येऊन बसायचे. म्हणून प्रूफ मी वाचलं. प्रस्तावनाही मीच लिहिली, आणि काय पेटून लिहिली! राबणाऱ्यांची नावं कोणी दगडावर कोरत नाही, म्हणून आम्ही ती कागदावर छापतो, वगैरे. अकराव्या पानावर यादी. तिच्यात ‘योहान, मजूर’ अशी ओळ, आणि तिच्या खाली पुन्हा ‘योहान, मजूर’. जुळाऱ्याची नजर घसरली की एकच ओळ दोनदा येते, हे मला चाचांनीच शिकवलेलं. मी ऐटीत लाल पेन उचललं आणि दुसरी ओळ खोडली.

प्रकाशनाच्या दिवशी मारेगावहून मार्थाबाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, दोन बस बदलून आलेल्या. त्यांच्या वडिलांचा एक फोटो नाही, कबरीवर पाटी नाही. त्यांचं नाव छापून आलेलं जगात हे एकच पान. त्यांनी शेजारच्याकडून वाचून घेतलं, ओळीवर बोट ठेवलं, आणि तेवढ्यात दुसरं एक बोट त्याच ओळीवर येऊन टेकलं. ते होतं नेरच्या एका स्कूटर मेकॅनिकचं.

“हे माह्ये आजोबा होयेत,” तो म्हणाला.

“तुहा आजा असन कुठीतरी. हा माहा बाप होय. मी भाकर नेत होती त्याले विहिरीवर.”

“मंग आमचा आजा काय हवा खाऊन राह्यला होता, मावशे?”

लोक हसले. मीही हसले आणि, देवा, बोलून गेले, “नाव एकच आहे, दोघांचंही समजा ना!”

मार्थाबाईंनी पुस्तिका मिटली. “बाप कोनी वाटून घेते काय वं बाई?”

मागच्या रांगेतून चाचा उठले. पान डोळ्यांना जवळजवळ चिकटवून त्यांनी पाहिलं. “दोन होते. रजिस्टरात दोन होते, म्या पाह्यले. कोनं खोडलं?”

“मी,” मी म्हणाले. “दुबार वाटलं.”

“कोन्ता खोडला?”

मी उरलेल्या ओळीकडे बोट नेलं आणि मागे घेतलं. चाचा रागावलेही नाहीत, तेच जास्त लागलं. हळूच म्हणाले, “त्या रोमवाल्यायनं नसलेला मोजला. तू त असलेला खोडला, बेटा.” आणि समोरचा चहा तसाच ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर चाचा पायरीवर हजर! “पोतं काढ.” बोटांनी चाचपून त्यांनी खिळे शोधले. ‘ह’ सापडेना; तो बाबा कागदांवर वजन म्हणून ठेवत होते. पण पुन्हा ‘मजूर’ जुळवायला चाचा तयार नव्हते. त्यांनी मार्थाबाईंना फोन लावायला सांगितला. “बाई, तुहा बाप बाकीच्यायपेक्षा येगळा कसा होता?”  पलीकडून आवाज आला: “डावखुरा होता जी. कुदळ उलट्या हातानं मारे. लोक त्याच्याजोळ उभे नाई राहत.”

चाचांनी ओळ जुळवली: योहान, डावखुरा. दोऱ्यानं बांधली, शिक्क्याच्या गादीवर दाबली, आणि उरलेल्या सगळ्या पुस्तिकांवर आम्ही दोघांनी ती एकेक करून उमटवली. वाटून झालेल्या साठेक प्रतींचं काय? पिशवीत ओळ आणि गादी घेऊन चाचा एसटीनं गावोगाव निघाले, मला सोबत घेऊन. नेरचा मेकॅनिक खूश होता: “आमचे आजोबा आधी छापले ना, झालं त मंग!” मारेगावला मार्थाबाईंनी पान उघडून समोर धरलं. चाचांनी ओळ त्यांच्याच हातात दिली. त्यांनी ती दाबली, ओळ तिरकी उमटली. केसाएवढी ओळ हलली तर जुळवलेल्या पानांचा अख्खा फर्मा सोडायला लावणारे चाचा पान डोळ्यांशी नेऊन म्हणाले, “राहू दे. डावखुऱ्याचं नाव होय, डावीकडंच झुकन.”

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. केस माझ्याकडे आली. एक दिवस धूळ पुसताना मी विसाव्या खणाशी थांबले. तो रिकामा नव्हता. त्यात दोऱ्यानं बांधलेली ती शिशाची ओळ होती, आणि तिच्याखाली चिठ्ठी: नऊ प्रती बाकी.

त्यातल्या दोन मी शोधल्या. सात अजून कुणाच्या तरी कपाटात आहेत. राखाडी कव्हर आहे, वर विहिरीचं चित्र. तुमच्याकडे असेल तर आजच अकरावं पान उघडा, ‘योहान, मजूर’ या ओळीखाली पेनानं लिहा: योहान, डावखुरा. अक्षर कसंही असू द्या. थोडं डावीकडे झुकलं तरी चालेल.