“गुडघा आत नको” म्हणणारे नाईक सर

सगळ्यात आधी वर आल्या त्या खालच्या शिंदेबाई, धापा टाकत. “आजी, तुमच्याकडे कोणी सर येतायत, दोन पोरी घेऊन. सायलीने काय केलं गं बाई?” पाठोपाठ रग्बी शिकवणारे नाईक सर. आमची ओळख ही अशी झाली. शिंदेबाई चहा होईपर्यंत हलल्या नाहीत, ते असो.

सरांना साठ वर्षं झाली म्हणून पुस्तक निघतंय. त्यात मुलुंडच्या आजीनेही, म्हणजे मी, लिहावं असं पुस्तक काढणारे म्हणाले. मी चौथी शिकलेली, सांभाळून घ्या.

सर आले होते ते माझ्या नातीला, सायलीला, रग्बीला पाठवा म्हणायला. मी नाही म्हटलं. माझी लेक सुनंदा, सायलीची आई, कबड्डी खेळायची. सोळाव्या वर्षी उडी मारून उतरताना गुडघा गेला. अजून कठडा धरून जिना चढते. सरांनी वाद घातला नाही. एवढ्याशा खोलीत, सोबत आणलेल्या आपल्या संघातल्या त्या दोन पोरींना उड्या मारायला लावल्या. “आजी, उतरताना गुडघा वाकू दे, आत नको वळायला. खेळाआधी हे रोज.” फळीवरची भांडी वाजली. मी म्हटलं, “सर, गुडघे वाचतील, पण माझे डबे?” सर हसले आणि पडलेलं झाकण स्वतः उचलून दिलं.

मग मी हो म्हटलं, सायली जायला लागली. पण पहिल्याच सामन्याला मी घोळ घातला. दहीसाखर, मग मजल्यावरच्या सगळ्यांच्या पाया पड. उशिरा पोचलो तर बाकी मुलींचे खेळाआधीचे व्यायाम आटपलेले. सरांनी तिला उतरवलंच नाही. बाजूला घेऊन एका पायावर उभं राहण्यापासून सगळं करून घेतलं. अर्धा सामना गेला.

मी ओरडले, “अहो सर, हरतोय आपण!”

“दिसतंय आजी. हरू द्या.”

हरलोच. सायली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला मात्र वाटलं, सुनंदाला तेव्हा असं थांबवणारं कोणी असतं तर.

आता सायलीची बाहेरगावच्या शिबिराला निवड झालीय. कागदावर आईची सही हवी. आठवडाभर कागद फ्रीजवर. सुनंदा उचलते, वाचते, परत ठेवते. मला बसवत नाही. तांदूळ निवडायला घेतले तर खडेच डब्यात टाकले.

सरांना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे स्वतःचे गुडघे धड राहोत आणि अशा कितीतरी पोरी त्यांच्या हाताखाली धडधाकट खेळोत.

आत्ताच सुनंदाने त्यांना फोन लावला, माझ्यासमोर. “सर, सही तुमच्या पुढ्यात करायचीय. घरी याल?”

सर त्या दोघी पोरींना घेऊन रविवारी येतो म्हणालेत.