भिंतीवरचं ग्रहण

सूर्याचा अभ्यास मी हट्टानंच धरला. रात्री दुर्बिणीवर बसायला मुलीला परवानगी नव्हती. मग मी दिवसाचा तारा निवडला. ऐंशी साली खग्रास ग्रहण देशातून जाणार होतं, तेव्हा मी नोकरीला होते त्या संस्थेच्या चमूतून माझं नाव गळलं. "छावणीत बायकांची सोय नाही," साहेब म्हणाले. मी रजा टाकली आणि नागपूरला घरी आले. खंडग्रास तर खंडग्रास!

घरी वहिनीला सातवा महिना. आईनं तिला हातमागाच्या खोलीत बसवलेलं. खिडकीला गोधडी, हातात काही धरायचं नाही, हलायचं नाही.

"तुह्या पुस्तकात बाळाचे फाटले ओठ शिवून देतात काय वं?" आईनं विचारलं.

"आई, सूर्यापुढं चंद्र येते. त्यात वहिनीचं काय?"

आतून वहिनी म्हणाली, "ताई, मलेबी पाहाचं हाये."

तिला बाहेर नेलं असतं तर आई दारात आडवी पडली असती. मग मी छोट्या आरशावर भोक पाडलेला कागद चिकटवला. पण मला आत दार अडवून उभं राहायचं होतं; मग तो उन्हात धरणार कोण? गल्ली सामसूम. एकटी शेजारची काकू ओट्यावर होती. ती विधवा, वहिनीला दिवस गेल्यापासून आईनं तिला उंबऱ्याशीही येऊ दिलं नव्हतं, बोलणंही टाकलं होतं.

"काकू, ग्रहणाले भेत नाही?"

"माह्यं आता काय बिघडते? आण तो आरसा."

मी सांगितलं तसा तिनं तो वळवला. उजेड दारातून आत शिरला आणि चुन्याच्या भिंतीवर सूर्य उमटला, एका बाजूनं खाल्लेला. वहिनी आनंदानं ओरडली. आई दार लोटायला धावली आणि भिंत पाहून थबकली.

"आरसा कोन धरून राहिलं?"

"काकू."

आईनं दार लोटलं नाही. सूर्याची कोर बारीक होत गेली, हळूहळू भिंतीवरून सरकू लागली. शेवटी आईलाच राहवेना.

"अवं, जरा वर घे! खाली चालला ना तो!" ती बाहेर पाहून ओरडली. काकूनं आरसा वर घेतला.

वहिनीला धडधाकट पोरगी झाली. आई म्हणाली, "मी देवाचा जप केला म्हून." मी भांडले, अजूनही भांडते. बारशाला वहिनीनं काकूला बोलावलं. आईनं तिला पार मागं बसवलं, म्हणून मीही तिथंच जाऊन बसले. तेवढ्यात वहिनी उठली, सगळ्या बायकांमधून वाट काढत आली आणि तिनं पोर काकूच्या मांडीवर ठेवलं.