आप्पांचा ब्रेक उशिरा का लागत होता

माझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, एकतीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवत होते. सकाळी सोलापूरच्या डेपोतून निघायचं, अक्कलकोट गाठायचं, पुढे कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत जायचं आणि संध्याकाळी परत. एवढ्या वर्षांत त्यांच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नाही, हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. आई सांगते, आणि पाहुण्यांना चहाच्या आधी सांगते. निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांना हृदयाचा झटका आला. त्यातून ते बरे झाले, पण डॉक्टरांनी गाडी बंद केली आणि उरलेली दोन वर्षं त्यांनी डेपोच्या खिडकीमागे बसून विद्यार्थ्यांचे पास लिहिण्यात काढली.

घरी बसलेला ड्रायव्हर काय करतो, तर रिक्षात मागे बसून रिक्षावाल्याला क्लच कधी दाबायचा ते सांगतो. आमच्या नाक्यावरचे रिक्षावाले आप्पांना लांबून ओळखायला लागले आणि त्यांना अचानक दुसरीकडचं भाडं असायला लागलं. मग आप्पा कुठे जाईनासेच झाले. दिवसभर पेपर वाचायचे आणि एक पान संपवायला तासभर लावायचे. आई म्हणायची, भांडले असते तरी चाललं असतं.

मी संगणकाच्या क्लासमध्ये शिकवते. मला गेम खेळायचा नादही आहे. चाळिशी ओलांडलेल्या बाईने हे करावं हे आईला अजून पटलेलं नाही. तर एका रविवारी मी बस चालवायचा एक गेम लावला, स्टेअरिंग आणि पायाखालचे पेडल आणून जोडले, आणि समोरची काच मोठी दिसावी म्हणून संगणक थेट हॉलमधल्या टीव्हीला लावला. पहिल्या दिवशी आप्पांनी लांबून नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी आले ते फुलपँट घालून, शर्ट आत खोचून. लुंगीवर गाडी चालवायची नसते म्हणाले.

पुढचा महिना आमच्या घरात फार चांगला गेला. आप्पा गेममध्येही कधी वेग मर्यादेच्या वर नेत नसत. थांब्यावर म्हातारी चढली की ती बसेपर्यंत गाडी हलवत नसत. तशी गेमला काही गरज नव्हती, त्याचे गुणही मिळत नव्हते. संध्याकाळी जेवताना ते जुन्या प्रवाशांच्या गोष्टी सांगायचे आणि एक भाकरी जास्त खायचे. मी मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

एका दुपारी त्या गेममधल्या गावात एक सायकलवाला आडवा आला. आप्पांनी ब्रेक मारला, पण चित्र डोळ्याचं पातं लवेल इतका वेळ अडकलं, आणि पुन्हा हललं तेव्हा सायकल चाकाखाली होती. गेमच्या लेखी त्यात विशेष काही नव्हतं. चार गुण कापले आणि लाल अक्षरात एक ओळ आली. आप्पांनी इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि ते उठले.

"माझा पाय गेला," ते म्हणाले. "टाकला, पण उशिरा टाकला."

मी सांगितलं की संगणक अडकला, तुमचा काही दोष नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डायवर कायम गाडीवरच ढकलतो. मी लई बघितलेत तसले." त्यानंतर चार दिवस ते त्या खुर्चीकडे फिरकले नाहीत. मला कळत होतं की गेम सुटल्याचं त्यांना दुःख नव्हतं. डॉक्टरांनी गाडी काढून घेतली तेव्हाही त्यांच्या मनात एक खात्री होती, की आपल्याला थांबवलंय, पण आपले हातपाय अजून ड्रायव्हरचे आहेत. आता ती खात्री डगमगायला लागली होती, आणि ती मी आणलेल्या खेळण्यामुळे.

मग मी कामाला लागले. आणि सांगायला लाज वाटते, पण मी नेमकं तेच केलं जे माझ्या विद्यार्थ्यांनी केलं तर मी ओरडते. चार व्हिडिओ पाहून एका बैठकीत चौदा गोष्टी बदलल्या. सावल्या कमी केल्या, गवत काढलं, मागे चालणारे प्रोग्रॅम बंद केले, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरची चित्रं चालवणारा प्रोग्रॅम, नवा घातला, आणखी काय काय केलं ते आता आठवतही नाही. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं पडतात तो आकडा दिसतो. तो पन्नासवरून नव्वदवर गेला. मी खूश झाले. तरी खबरदारी म्हणून एक गुपचूप कामही केलं. गेममधली टक्कर बंद करून टाकली. म्हणजे कुणी आडवं आलंच तरी काही होणार नाही.

आईने गळ घातली म्हणून आप्पा बसले. सहा-सात मिनिटांत एक मोटारसायकल त्यांच्या बसमधून आरपार निघून गेली. आप्पांनी गाडी बाजूला घेतली. मग म्हणाले की असली धुराची माणसं त्यांना नकोत, दुरुस्त करायचं तर नीट कर, नाहीतर राहू दे. त्यांनी आवाज चढवला नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. मी सगळं कबूल केलं.

त्यावर त्यांनी माझ्याकडे एक कोरी वही मागितली. डेपोत पद्धत असते, की दिवसाची फेरी संपली की ड्रायव्हरने गाडीचा बिघाड रजिस्टरमध्ये लिहायचा. कच्चा ड्रायव्हर नुसतं "ब्रेक खराब" लिहितो आणि घरी जातो. आप्पा लिहायचे की किती किलोमीटरनंतर, चढावर की उतारावर, आधी कसला आवाज आला, मग काय झालं. मेकॅनिक ते वाचून एकच गोष्ट बदलायचा, आणि त्याच ड्रायव्हरला त्याच रस्त्यावर ट्रायलला पाठवायचा. आप्पांनी मला फर्मावलं की चौदाच्या चौदा गोष्टी होत्या तशा कर. इथून पुढे एका वेळी एक बदल आणि एक फेरी. वीस वर्षं संगणक शिकवणाऱ्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं. मी मुकाट्याने सगळं पूर्वपदावर आणलं, कारण खुर्चीत बसायला ते तयार झाले होते.

रोज चार वाजता तीच बस, तोच रस्ता, घाटाखालच्या गावापर्यंत. फेरी संपली की वहीत चार ओळी. पहिल्या दोन दिवसांत मी सावल्या आणि गवत कमी केलं आणि दोन्ही दिवशी वहीत "फरक नाही" एवढंच आलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: "सुरुवातीला गाडी ठीक. बाराव्या मिनिटाला खोक्याचा आवाज मोठा होतो. त्यानंतर दोन मिनिटांनी गाडी अडकते. आवाजाआधी कधीच अडकत नाही. दोनदा पाहिले."

वाचून माझं तोंड उतरलं. मी कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत बसले होते आणि या माणसाने कान लावला होता. संगणकाच्या खोक्याचा आवाज मोठा होतो म्हणजे आतला पंखा जिवाच्या आकांताने फिरतो. म्हणजे संगणक तापतो, आणि तापला की स्वतःला जपायला वेग कमी करतो. मी टीव्हीच्या टेबलामागे वाकून बघितलं, आणि तिथे आमची सोलापुरी चादर होती.

आमच्या घरात कुठलीही वस्तू उघडी राहत नाही. फ्रिजवर चादरीचा तुकडा, मिक्सरवर तुकडा, स्कूटरच्या सीटवर तुकडा. संगणक आला त्याच आठवड्यात आईने त्यालाही मापाने कव्हर शिवलं होतं, हिरव्या काठाचं. चालू करताना मी पुढची बाजू वर सारायचे. मागची बाजू तशीच खाली असायची, आणि गरम हवा बाहेर पडते ती मागूनच. क्लासमध्ये मी मुलांना फळ्यावर चित्र काढून सांगते की मागची जागा मोकळी ठेवा. घरातलं कव्हर मला कधी कव्हर वाटलंच नाही, घराचाच भाग वाटायचं. खोकं उघडलं तर आत दुसरी चादर विणायला सुरुवात झाली होती. आमच्या भिंतीला लागून तेलुगू शेजाऱ्यांचे माग चालतात, त्या सुताची लव उडत येते, आणि पंख्याच्या पात्यांवर तिचा जाड थर बसला होता.

आई दारात उभी होती. तिने विचारलं, "म्हणजे माझ्यामुळं झालं व्हय?" मी म्हणाले, नाही, शिकलेल्या मुलीमुळे झालं. गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून ब्लोअर आणला, पंखा बोटाने धरून सगळी लव उडवली, आणि कव्हर फक्त संगणक बंद असताना घालायचं ठरलं. त्या दिवशीच्या फेरीत गाडी एकदाही अडकली नाही.

मला वाटलं, संपलं. आप्पांनी वहीत लिहिलं: "अडकत नाही. पण चाल एकसारखी नाही. उभा प्रवासी पडेल." खरंच होतं. थंड झालेला संगणक आता कधी नव्वद चित्रं टाकत होता, कधी साठ, आणि त्या चढउताराचे हिसके बसत होते. मी नव्वदचा हट्ट सोडला आणि साठवर बांधून टाकलं. त्यानंतरच्या फेरीला लिहून आलं की स्टेअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर विचार करते. ते मला कधीच जाणवलं नव्हतं. शोधल्यावर कळलं की तो दोष टीव्हीचा. चित्र सुंदर करण्याच्या नादात तो ते दाखवायलाच उशीर करतो. टीव्हीत गेमसाठी वेगळी सोय असते, ती चालू केली. आप्पांनी एक फेरी मारली आणि पहिल्यांदा वहीत "गाडी उत्तम" असं लिहिलं. मला दहावीच्या निकालाला इतका आनंद झाला नव्हता.

पण पुढच्याच फेरीत ते लाल दिव्याला थांबले तेव्हा बसचं पुढचं चाक पांढऱ्या पट्टीच्या पुढे गेलेलं होतं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी घाईघाईने म्हणाले की अजून एखादी सेटिंग राहिली असेल, मी बघते. आप्पा उठले आणि मला खुर्चीत बसायला सांगितलं. तोच दिवा, तोच वेग. मी तीनदा चालवली आणि तिन्ही वेळा पट्टीच्या आत थांबले. मग ते बसले, आणि तिन्ही वेळा पट्टी ओलांडून गेले.

मला खोटं बोलायची फार इच्छा झाली. मला गेमची सवय आहे, पेडल कडक आहे, काहीही. पण एवढे दिवस एक बदल आणि एक फेरी करणाऱ्या माणसाला काय सांगणार? त्यांच्या चेहऱ्यावर मी ते चार दिवसांचं मळभ शोधत होते. ते नव्हतं.

"गाडीतला उशीर तू काढलास," ते म्हणाले. "ऱ्हायलेला माझा हाय. आता कळलं की किती हाय ते. तेवढा धरून चालवायचं."

आणि त्यांनी गाडी सुरू केली. पुढच्या वाहनाशी नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवलं, वेग दहाने उतरवला, आणि दिवा अजून हिरवा होता तेव्हाच उजवा पाय ब्रेकवर नेऊन ठेवला. दिवा लाल झाला आणि बस पट्टीच्या हातभर अलीकडे उभी राहिली, उभा प्रवासी हललासुद्धा नसता अशी. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिलीत, पण स्वतःची उणीव मोजून घेऊन तिच्यासकट नीट थांबणारा माणूस हा एकच, आणि तो माझा बाप आहे. मागे एक ट्रक सारखा हॉर्न देत होता. आप्पांनी त्याला देऊ दिला.