जनेलावरची बाटली

साल दोन हजार तेवीस, माझं वय सत्त्याहत्तर. मी गोव्यात, नार्व्याच्या आमच्या विहिरीवर असताना इस्पितळातून भाच्याचा फोन आला, “मामा, आई गेली.” त्याची आई म्हणजे माझी धाकटी बहीण सुलू. भरलेली कळशी मी घरी आणली की तिथंच ओतली, आठवत नाही...

मी चौथी पास, डिचोलीत खाणीचा ट्रक चालवला. सुलू शिकली, औषधांच्या कारखान्यात लागली. नवरा गेल्यावर माझ्याकडे राहायला आली आणि परसातल्या कोरफडीचं जेल करू लागली, हातापायांच्या भेगांना लावायचं. डिंकाची पूड भुरभुरवत ढवळत बसायची, गुठळी झाली की सगळं पुन्हा. पेजसुद्धा कोणी एवढी ढवळत नाही, असं मी म्हणायचो. पेज तू लगेच पितोस, हे वर्षभर टिकायला हवं, असं तिचं उत्तर.

पाणी मात्र विकतचं, शुद्ध केलेलं. दारात विहीर असताना? मी हट्टानं विहिरीची कळशी तिच्या पुढ्यात ठेवली. त्या पाण्याचं जेल पातळ होऊन गेलं. उन्हाळ्यात नदीचं खारं पाणी विहिरीत झिरपतं आणि मिठानं हा डिंक मोडतो, असं तिनं समजावलं. मी म्हटलं, मग डिंकच वाईट. आजही तेच म्हणतो. दोन दिवसांनी तिनं मीठ सोसणारा दुसरा डिंक आणला, विहिरीच्याच पाण्यात जेल केलं आणि बाटली जनेलावर, खिडकीच्या कट्ट्यावर, उन्हात ठेवली.

“आत हवेचे बुडबुडे दिसतात ना दादा? जागचे हलले नाहीत तर जेल धरून आहे. पावसापर्यंत राहिले तर तुझी विहीर जिंकली.”

रोज चहाच्या आधी ती बाटली उजेडात धरायची, मी मागे उभा. एकदा झाकण उघडायला गेलो तर हातावर चापट मारली. “बोट घालू नको रे. नासेल. नुसतं बघ.”

इस्पितळात नेताना गाडीत बसली तेव्हा घराचं, कपड्यांचं काही बोलली नाही. “बुडबुडे बघ,” एवढंच म्हणाली. पाऊस अजून लागलेला नाही...

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. चहा कोणीतरी पुढे केला, तो मी तसाच ठेवला. जनेलाकडे गेलो, बाटली उजेडात धरली. तिच्या हातानं ढवळताना आत गेलेली हवा जिथल्या तिथे होती. झाकणावर बोटं गेली... उघडलं नाही. नुसतं बघितलं आणि बाटली परत उन्हात ठेवली.