ओटा पुसायचा राहिला

मला फिल्म शिकवणाऱ्या बाई हॉलंडच्या. तरुणपणी त्यांनी तिथल्या बंदरावर मासे साफ करणाऱ्या बायकांवर पहिली फिल्म केली आणि एक नियम करून टाकला: बाई काम करत असेल, तर तिचं काम संपेपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही आणि एडिटिंगमध्येही ते कापायचं नाही. बायकांचं काम अर्धवट बघायची जगाला सवयच आहे, असं त्या म्हणायच्या. चळवळीतल्या बायकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मग चळवळ थकली, पैसे देणारे 'जरा छोटं करा' म्हणू लागले, बाई ऐकेनात, आणि फिल्म्स थांबल्या. पुढची सगळी वर्षं त्यांनी अमेरिकेत आमच्यासारख्यांना शिकवण्यात घालवली. तोवर उभ्या आयुष्यात पाच फिल्म्स. मी एकदा त्यांना तोंडावर हट्टी म्हणाले होते.

सहावी त्यांनी तिथल्याच श्रूजबरी गावात केली, काकूंच्या स्वयंपाकघरात. काकू माझ्या सख्ख्या नव्हेत. शिकत असताना मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायचे, आणि त्या लोकांच्या डब्यांसाठी पोळ्या करून द्यायच्या. बाई स्टुलावर बसल्या, कॅमेरा मी धरला. कणीक भिजवण्यापासून ओटा पुसून फडकं वाळत घालेपर्यंत दीड तास, एकही कट नाही.

एडिटिंग चालू असताना बाई हॉस्पिटलात गेल्या. तेवढ्यात एका फेस्टिव्हलने कळवलं, चाळीस मिनिटांत बसवत असाल तर घेतो. मी अक्कल पाजळली. पोळ्या दिसतायत ना, मग ओटा पुसणं कोणाला हवंय! फिल्म घेतली गेली. सांगायला गेले तेव्हा आता चांगली खरडपट्टी निघणार म्हणून मी मान खाली घालून बसले.

"राहू दे," बाई म्हणाल्या, "निदान कोणीतरी बघेल."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी जन्मभरात कमावलेली एकच गोष्ट, तो नियम, आणि ती मी एका दुपारीत घालवली होती.

काकूंना दाखवायची म्हणून रविवारी जेवणानंतर तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये फिल्म लावली. बाई व्हीलचेअरवर आल्या. फिल्म संपली, टाळ्या झाल्या, आणि काकू तरातरा माझ्याकडे आल्या.

"अगं, ओटा कुठे पुसला मी? पसारा तसाच टाकून गेले असं दिसतंय! सगळ्या हॉलसमोर इन्सल्ट केलास माझा." बोलता बोलता त्यांचा हात हवेत या टोकापासून त्या टोकापर्यंत ओटा पुसत होता.

बाईंनी विचारलं, काय म्हणतेय ती?

"खूप आवडलं म्हणतायत," मी सांगितलं.

बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या काकूंच्या हाताकडे बघत होत्या. त्यांना मराठीचा गंध नव्हता, पण बायकांचे हात त्यांनी जन्मभर बघितले होते.

"तिला सांग," त्या हळूच म्हणाल्या, "चूक माझी आहे."

मी तेही सांगितलं नाही. बाई त्याच हिवाळ्यात गेल्या. काकू अजून मधूनच विचारतात, "त्या दिवशी तुझ्या बाई काय म्हणाल्या गं?"

"थँक्यू म्हणाल्या," मी सांगते. खरं सांगायची माझी हिंमत होत नाही.