शहराला वळसा घालणारी वाट

ताई गेल्याची बातमी मला वर्गात कळली. कळमेश्वरच्या आमच्या शाळेत फोन एकच, तो मुख्याध्यापकांच्या खोलीत. शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि हाताने बोलावू लागला, तेव्हाच मी खडू खाली ठेवला. फोनवर ताईची नागपूरची, सक्करदऱ्याची शेजारीण होती. "सर, ताई सकाळी उठल्याच नाहीत..." एवढंच ती दोनदा म्हणाली. मी बसने नागपूरला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. बाहेरगावी जाणाऱ्या प्रत्येकाची जिने आयुष्यभर धास्ती घेतली, ती स्वतः कोणालाही काळजी करायची संधी न देता गेली. त्याला आता सहा आठवडे झाले. घरचे सगळे म्हणतात, तू मास्तर आहेस, तूच लिही. म्हणून लिहितो आहे.

सुशीलाताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. नागपुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. फळ्यावर एका दमात आफ्रिकेचा किनारा काढायची, पण स्वतः जबलपूरच्या पलीकडे कधी गेली नाही. भाऊजी ओव्हरसियर होते. एका सकाळी सायकलवरून कामावर जाताना भर चौकात एक ट्रक मागे घेताना अंगावर आला, गर्दीमुळे त्यांना बाजूला होता आलं नाही, आणि ते जागीच गेले. त्यांचा मुलगा विनायक तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्या दिवसापासून गर्दीच्या रस्त्याचं तिने जे भय घेतलं ते कायमचं. शाळेत जायला सरळ रस्ता दहा मिनिटांचा. ती गल्ल्यागल्ल्यांतून पंचवीस मिनिटं चालत जायची. विनू कॉलेजातून यायला उशीर झाला, की फाटकाची कडी हातात धरून उभी असायची. आम्ही हसायचो. ती म्हणायची, "हसा तुम्ही. तुमाले काय माहीत..."

पुढे विनू इंजिनिअर झाला आणि जर्मनीत एका यंत्रांच्या कारखान्यात लागला. कळमेश्वरचीच नलिनी त्याने केली, मीनू झाली. आणि मीनू पाच वर्षांची असताना त्याचं पत्र आलं की त्याने एक जुनी मोटरहोम विकत घेतली आहे. मोटरहोम म्हणजे काय हे आम्हाला पत्र वाचूनच कळलं: ट्रकएवढी गाडी, आत दोन पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी. चार महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन नलिनी-मीनूसह ही गाडी चालवत तो थेट नागपूरला येणार होता. त्या काळी तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असा रस्ता चालू होता आणि गोरी पोरं व्हॅन घेऊन सर्रास येत. ताईने पत्र घडी करून ठेवलं, चहा केला, आणि चहा गाळताना मला म्हणाली, "गजू, मधात इस्तंबूल येते."

मला आधी कळलंच नाही. वाटेत वाळवंट होतं, खिंडी होत्या, दरोड्यांच्या गोष्टी ऐकू येत होत्या. ह्या बाईला भीती कशाची, तर एका शहराची. पण तिने ॲटलास काढला आणि बोट ठेवून दाखवलं. युरोपातून आशियात यायला एक चिंचोळा समुद्र ओलांडावा लागतो, आणि सगळा रस्ता त्या शहरात शिरून नव्या पुलावरून पलीकडे जातो. "एवढी मोठी गाडी, उभे चढ, लाखो माणसं, आणि त्याले तिथली बोली येत नाही. कुठं अडकला तं मागं घेता येणार नाही." मागं घेता येणार नाही, हे तिने ज्या तऱ्हेने म्हटलं, त्यानंतर मी हसलो नाही.

मग तिचा तो महिना सुरू झाला. शाळेतून आली की ॲटलास. शहर टाळायचं कसं? नकाशात खाली, नैर्ऋत्येला, दुसरा एक चिंचोळा समुद्र होता, डार्डानेल्स. ती मुलींना दरवर्षी शिकवायची. पण तिथून गाडी पलीकडे जाते का, हे शाळेचा ॲटलास सांगत नव्हता. तेवढ्यात गांधीबागेतला एक ओळखीचा कापडवाला सांगत आला, की त्याच्याकडे एक परदेशी जोडपं पडद्याचं कापड घ्यायला आलं होतं, त्यांची घरासारखी गाडी वर्धा रोडवरच्या गॅरेजात उभी आहे. ताई हातातलं काम टाकून उठली. सायकलरिक्षात बसतानाही ती गर्दीच्या रस्त्यांना बिचकायची, पण त्या दिवशी रिक्षावाल्याला म्हणाली, "जवळच्या रस्त्यानं घे."

ते हॉलंडचे होते, पन्नाशीचे. ताईने इंग्रजीत, वर्गात बोलावं तसं एकेक वाक्य तयार करून, आपण कोण ते सांगितलं. त्या बाईने तिला गाडीत बसवलं, कॉफी केली. ताईने पलंगाची कडा दाबून पाहिली, दाराची कडी आतून लागते का ते पाहिलं. मग तिने शहराचं विचारलं. तो माणूस म्हणाला की इस्तंबूलमधून निघायला त्यांना अर्धा दिवस लागला आणि बाजूचा आरसा तिथेच राहिला. त्याची बायको म्हणाली, "मी पुन्हा जाणार नाही. माझी नात बरोबर असती, तर मुळीच नाही." मग तिने जाड मोठा नकाशा पसरला. सरहद्दीवरच्या एदिर्नेहून निघालं की थोड्याच अंतरावर हव्सा नावाचं गाव. तिथे सरळ गेलं की शहर, आणि उजवीकडे वळलं की रस्ता खाली गेलिबोलूला जातो. तिथे फेरीबोट आहे, गाड्या घेते. फक्त वारा सुटला की ती बंद राहते. ताईने पर्समधून बटर पेपर काढला आणि गुडघ्यावर पाटी धरावी तसा नकाशा धरून तो सगळा रस्ता छापून घेतला.  परत येताना म्हणाली, "वारा सुटला तं?"

विनूला तिने बारा पानी पत्र धाडलं. बटर पेपर आत, हव्साच्या वळणाला लाल पेन्सिलीचा गोल. एक पानभर नुसत्या सूचना होत्या: पाणी उकळून प्यायचं, अंधार पडायच्या आत मुक्काम करायचा. नलिनीला वेगळं लिहिलं होतं, की मीनूच्या प्रत्येक फ्रॉकला आतून कापडाची पट्टी शिव, तिच्यावर इंग्रजी अक्षरात तिचं नाव, बापाचं नाव आणि गाडीचा नंबर भरतकामाने काढ. शाई धुऊन जाते. आणि शेवटी: समुद्र ओलांडला की पलीकडच्या पहिल्या गावातून तार कर. विनूचं उत्तर आलं, "आई, तू म्हणशील तसंच करू." ते वाचून ती चार दिवस चांगली झोपली.

ते ठरल्या दिवशी निघाले, आणि त्या हिशेबाने तार साधारण बुधवारपर्यंत यायला हवी होती. बुधवार गेला, शनिवार गेला. मी कळमेश्वरहून रोज संध्याकाळी ताईकडे जाऊ लागलो. ताई शाळेत जायची, शिकवायची, पण मुलींनी नंतर मला सांगितलं की त्या आठवड्यात तुर्कस्तानचा धडा होता आणि बाईंनी तो वगळून पुढचा घेतला. घरी ती जेवायला बसायची आणि भात चिवडत राहायची. रेडिओवर बातम्या लागल्या की आवाज वाढवायची, आणि परदेशाचं नाव आलं की बंद करायची. एकदा मी म्हटलं, "तार उशिरा पोचत असन, ताई. काहून एवढी घाबरून राहिली तू?" तिने ताट दूर सारलं. मग म्हणाली, "तो आपल्या मनानं शहरातून गेला असता नं, गजू... मीच त्यांले पाण्यावर पाठवलं. त्या बाईनं सांगितलं होतं वाऱ्याचं. सांगितलं होतं."  मी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला, तो तिने हातात धरला आणि तसाच धरून बसली.

बुधवारनंतर नवव्या दिवशी संध्याकाळी तारवाला आला. मी दारातच होतो, सही मी केली, पण लिफाफा तिने माझ्या हातून ओढून घेतला. तारेत इंग्रजीत चार शब्द होते, सगळे ठीक, पुढे निघालो अशा अर्थाचे. ती पायरीवर बसली आणि पदराने तोंड झाकून रडली, माझ्यासमोर पहिल्यांदाच. मग डोळे पुसून तिने तार पुन्हा वाचली. तार जिथून निघते त्या गावाचं नाव वर छापलेलं असतं. विनूच्या ते ध्यानात आलं नसावं.

"शहरातूनच गेला गा तो," ताई म्हणाली.

मी तार घेऊन पाहिलं. इस्तंबूल. मला विनूचा राग आला. नऊ दिवस ही बाई कशी जगली ते मी पाहिलं होतं. पण ताईने कागदाची घडी केली आणि म्हणाली, "त्याले काही विचारायचं नाही. तूही नाही."

सात आठवड्यांनी ती गाडी सक्करदऱ्याच्या गल्लीत शिरली. गल्लीत वळेना, तेव्हा शेजाऱ्यांच्या कपड्यांच्या दोऱ्या सोडाव्या लागल्या. अख्खा मोहल्ला पाहायला आला. विनू वाळला होता, दाढी वाढली होती. जेवताना तो आपण होऊन म्हणाला, "आई, तुझाच रस्ता घेतला बरं आम्ही. मस्त रस्ता होता." नलिनीने मान खाली घातली. ताई त्याला पोळी वाढत होती. तिने विचारलं, "बोटीत किती गाड्या मावतात गा?" विनूने नलिनीकडे पाहिलं. "पाचसहा," तो म्हणाला. ताई म्हणाली, "लहानच आहे मंग," आणि तूप वाढलं.

खरी हकिकत तिला मीनूने सांगितली, दुसऱ्या दिवशी न्हाणीत. आईबाबांनी सांगू नको म्हटलं होतं, म्हणूनच ती सांगायला अधीर झाली होती. हव्साला विनू सरळ गेला होता. पूल जवळचा, दोन दिवस वाचतील म्हणून. शहरात एका उभ्या चढावर गाडीचा क्लच जळला आणि गाडी मागे सरकू लागली. नलिनीने उडी मारून चाकांखाली दगड लावले, विनू खाली उतरला, मागे हॉर्नचा कल्लोळ, माणसांची गर्दी. त्या गडबडीत मागचं दार उघडं राहिलं आणि मीनू उतरून चालू लागली. दोन तास ती सापडत नव्हती. एका पाववाल्याने रडणारी पोर दुकानात नेऊन बसवली. तिला त्याची बोली कळेना, त्याला तिची. रडता रडता तिने फ्रॉक उलटा करून त्याला आतली पट्टी दाखवली. तो माणूस दुकान तसंच टाकून तिला खांद्यावर घेऊन चढ चढला, आणि अडकलेल्या एकेका गाडीचा नंबर पाहत पाहत तिच्या आईपाशी घेऊन आला. "आजी, मी हरवली होती," मीनू म्हणाली, "पण आता नाही." नंतर सहा दिवस गाडी दुरुस्तीला होती, आणि एवढं झाल्यावर आईला काय कळवावं हे विनूला सुचत नव्हतं.

हे ताईने मला सांगितलं तेव्हा आम्ही मागच्या अंगणात होतो. मी म्हटलं, आता तरी बोल त्याला. ती म्हणाली, "काय बोलू? त्या दोन तासांत त्याचं काय झालं असन ते मी समजू शकते. मी विचारलं तं त्याले ते पुन्हा सांगावं लागीन. आणि मंग माझ्याकडे पाहिलं की तेच आठवीन त्याले. नको गा." जरा वेळाने म्हणाली, "नलिनीनं पट्टी शिवली. पोरीनं ऐकलं माझं." ते म्हणताना तिच्या तोंडावर हसू होतं की दुसरं काही, हे मला आजही सांगता येणार नाही.

परत जाताना विनूने तिच्याजवळ तो बटर पेपर मागितला. म्हणाला, माझा कुठे गहाळ झाला. ताईकडे दुसरी प्रत होती. ती तिने दिली. पुन्हा आठवडे मोजणं, पुन्हा भात चिवडणं. मग एक पोस्टकार्ड आलं. चित्रात निळं पाणी, पांढरी बोट, खाली गेलिबोलूचं नाव. मागे विनूच्या अक्षरात एकच ओळ: "आई, बोटीत पंचवीस गाड्या मावतात. मी मोजल्या." ताई ते वाचून इतकी हसली की शेजारीण पाहायला आली.

ह्यावर त्या दोघांत पुढे दहा वर्षं कधी शब्द निघाला नाही. तेराव्यानंतर विनू ताईच्या खोलीत बसला होता. मी त्याला म्हटलं, तिला तार पाहिल्याबरोबर समजलं होतं. तो म्हणाला, "मला माहीत होतं मामा. बोटीचं विचारलं तेव्हाच समजलं. मी वाट पाहत होतो की ती रागवेल. मग मलाच वाटलं, आपण सांगावं. दर वेळी यायचो तेव्हा ठरवून यायचो..."  मीनू आता पंधरा वर्षांची आहे. ती दाराशी उभी होती, तिने आत येऊन बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

ती मंडळी जर्मनीला परत गेली. घराची किल्ली माझ्याकडे आहे, आठवड्यातून एकदा जाऊन खिडक्या उघडतो. घरात कोणी आलं, की ताई पाणी देण्याच्याही आधी विचारायची, "कोणत्या रस्त्यानं आला?" दूधवाल्यालाही विचारायची. उत्तर ऐकून मान हलवायची, मगच बसा म्हणायची. परवा मी गेलो, कुलूप काढलं, चपला कोपऱ्यात सारल्या. आत कोणी नव्हतं. तरी खुर्चीवर बसवेना. उभ्यानेच म्हटलं, "तलावाच्या बाजूनं आलो, ताई. गर्दी नव्हती." मग बसलो.